जिप्सीच्या इंजिनबदलात कार्बोरेटर की एमपीएफआय : दोन्ही बसवून पाहिल्यानंतर

मारुती जिप्सी किंगचे इंजिन कायमचे गेले आणि गाडी मात्र मोडीत काढवत नाही, अशा अवस्थेत सापडलेल्या माणसासमोर साधारण दोनच वाटा असतात. एक म्हणजे कार्बोरेटरचे, आठ व्हॉल्व्हचे जी१३बीए शोधून बसवणे. दुसरी म्हणजे २००० नंतरच्या गाड्यांमधले सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे), म्हणजे जी१३बीबी घेणे. दोन्ही १२९८ सीसीची, दोन्ही पेट्रोलची, एकाच घराण्यातली. ताकदीतला फरक कागदावर मोठा दिसतो, पण आमच्याकडच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर तो निर्णायक ठरेल असे मला वाटत नाही, म्हणून त्यावर शाई घालवत नाही.

माझ्या १९९८ च्या गाडीचे मूळ इंजिन कशेडी घाटात पाणी संपून तापले, हेड वाकले आणि ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरांच्या मध्ये चीर गेली. त्यानंतर मी तिच्यात आधी कार्बोरेटरचेच दुसरे इंजिन बसवले, चौदा महिने चालवले, आणि मग ते उतरवून एमपीएफआय बसवले. त्याला आता दोन पावसाळे झाले. इंजिन उचलायला दोनदा चेन पुली लावण्याची हौस मला नव्हती. पहिला निर्णय चुकला असे म्हणण्यापेक्षा तो माझ्या रस्त्यांना मानवला नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

कागदपत्रांचे आधी उरकतो. आरसीवर इंजिन क्रमांक असतो, त्यामुळे कोणतेही इंजिन घ्या, आरटीओत नोंद बदलून घ्यावीच लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. म्हणून एमपीएफआय घेण्याचा विचार असेल तर पैसे देण्यापूर्वीच आपल्या आरटीओत लेखी विचारणा करावी, इंजिनाचे खरेदीबिल आणि ते ज्या गाडीतून निघाले तिची कागदपत्रे मागून घ्यावीत, आणि विमा कंपनीलाही कळवावे. बिल न देणाऱ्याकडून स्वस्तातले इंजिन घेणे पुढे फार महाग पडते.

दोन्ही इंजिने बसवताना काही अडचणी सारख्याच आल्या. गिअरबॉक्स सुटलेला असताना क्रँकच्या टोकातले पायलट बेअरिंग बदलावे, हे मला पहिल्या वेळी सुचले नाही. क्लच दाबला की बारीक किरकिर ऐकू येई, आणि तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. पाण्यातली हवा हा दुसरा त्रास. इंजिन सुरू झाले, तापमानाचा काटा निम्म्यावर आला, तरी रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताला थंडच लागत होता आणि थर्मोस्टॅटपाशी गुरगुर ऐकू येत होती. गाडी नाक वर करून चढावर उभी केली, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन संथ चालू दिले आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे पाणी घालत राहिलो, तेव्हा ते सुटले. दापोली–हर्णै रस्त्यावरून आमच्या घराकडे उतरणारी जांभ्याची घाटी त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडली.

आता कार्बोरेटरच्या बाजूने जे बोलायचे ते मन मोकळे करून बोलतो, कारण ती बाजू हलकी नाही. हे इंजिन बसवायला मला दोन दिवस लागले. वायरिंग जवळजवळ जसेच्या तसे लागले, पेट्रोलचा पंप इंजिनावरच असल्यामुळे टाकीला हात लावावा लागला नाही. नंतर जे बिघाड झाले ते सगळे डोळ्यांना दिसणारे होते. रेस आपोआप चढू लागली, तेव्हा व्हॅक्यूमच्या एका नळीला तडा गेलेला सापडला. पिकअप अडखळू लागला, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा ताठरलेला निघाला. प्लग काळे पडू लागले, तर फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) निडल नीट बसत नव्हती आणि कार्बोरेटर ओव्हर होत होता. आमचे मेस्त्री साठीचे आहेत. झाकण उघडून, वास घेऊन आणि बोटाने फ्लोट हलवून त्यांनी प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटांत दोष सांगितला. हे सुख एमपीएफआयमध्ये नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

अडचण एवढीच की ते पाच मिनिटांचे दोष दर तीन-चार आठवड्यांनी परत येत. याला इंजिनापेक्षा पेट्रोल आणि हवा जास्त कारणीभूत आहेत, असे माझे मत झाले आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यात इथेनॉलसोबत ऑक्सिजनही आत जातो, म्हणून मिश्रण पातळ होते, आणि कार्बोरेटरच्या जेटची भोके काही स्वतःहून मोठी होत नाहीत. जुलैत चार दिवस गाडी उभी राहिली आणि नंतर मेस्त्रींनी फ्लोटची वाटी उघडली, तेव्हा तळाशी पाण्याचे मणी होते आणि कडेला पांढरट भुकटी धरलेली होती. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे हे दृश्य मी त्या वर्षी चार वेळा पाहिले.

तरीही तेवढ्यासाठी मी इंजिन बदलले नसते. वाटी साफ करायला मी शिकलो होतो आणि पाना गाडीतच ठेवत होतो. निर्णय झाला तो दाभोळ–धोपावे फेरीबोटीमुळे.

कामानिमित्त मला आठवड्यातून एक-दोनदा गुहागरकडे जावे लागते. दापोलीहून दाभोळपर्यंत गाडी तापून येते, फेरीवर चढल्यावर इंजिन बंद करावे लागते, आणि खाडी ओलांडायला दहा-एक मिनिटे लागतात. तापलेले इंजिन बंद करून दहा मिनिटे उभे ठेवणे ही कार्बोरेटरसाठी जवळजवळ सर्वांत वाईट वेळ असते. पाणी फिरायचे थांबते, पंख्याचा वारा थांबतो, खालची उष्णता वर चढते आणि वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरते. अशा ओल्या झालेल्या इंजिनाला सुरू करायचे आणि लगेच ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या, शेवाळलेल्या उतारावरून नाक वर करून बाहेर काढायचे. चढावर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल एका बाजूला कलते, पातळी जिथे असायला हवी तिथे राहत नाही, आणि आधीच ओले झालेले इंजिन गुदमरते. जिप्सीच्या कार्बोरेटरची ही खोड डोंगरात गाडी घालणाऱ्यांना चांगली माहीत आहे. ती धक्क्यावरही तितकीच नडते, हे मला तिथे कळले.

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा फळीवर मागची चाके आणि काँक्रीटवर पुढची, अशी ती उभी होती. मागे एक टेम्पो, त्याच्यामागे दोन मोटारसायकली, आणि एक आजी माशांची पाटी घेऊन शांतपणे माझ्याकडे पाहत उभ्या. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर मारावा, म्हणजे जास्तीचे पेट्रोल निघून जाते, हे ठाऊक होते. पण हँडब्रेक धरत नसलेल्या गाडीत ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर या तिघांना दोन पाय पुरवणे अवघड असते. खलाशांनी मागच्या चाकाखाली ओंडका लावला आणि चौथ्या प्रयत्नाला इंजिन धरले. मेस्त्रींनी फ्लोटची पातळी थोडी उतरवली, कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर घातला, पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर नेली. प्रत्येक उपायाने फरक पडला. प्रत्येक वेळी मी धीर धरला, आणि सहा महिन्यांत ओंडका आणखी तीन वेळा लागला. तिसऱ्या वेळी मी गाडी फेरीच्या तोंडाशी येण्याआधीच खलाशी ओंडका हातात घेऊन उभा होता.

एमपीएफआयचा अनुभव याच्या बरोबर उलट सुरू झाला. ज्याच्याकडून इंजिन घेतले त्याने ते चालू गाडीतून काढल्याचे सांगितले, आणि ते खरेही असावे. पण काढणाऱ्याने इसीएमपासून (इंजिन चालवणाऱ्या संगणकापासून) वीतभर अंतरावर सगळे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, पक्कडीने कापले होते. रंग विटलेल्या वायरी जुळवून, डाग देऊन, त्यावर नळी चढवण्यात माझे दोन रविवार गेले. एमपीएफआयला पेट्रोल बऱ्याच जास्त दाबाने लागते आणि त्याचा विजेवरचा पंप टाकीत असतो, म्हणून टाकीही बदलावी लागली, जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी बसवावी लागली. खर्च कार्बोरेटरच्या इंजिनाच्या दुपटीच्या जवळ गेला.

एवढे करून गाडी सुरू झाली आणि खरा छळ त्यानंतरचा. सकाळी थंड इंजिन सुरेख चाले. दहा मिनिटांत गरम झाले की मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि सिग्नलसारखे थांबायचे ठिकाण आले की इंजिन हेलकावे खात बंद. पाऊस असला की आणखी वाईट. लक्षणांवरून पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गेला असे मी ठरवले आणि तो बदलला, फरक शून्य. नवा सेन्सरच खराब असेल म्हणून दुसरा आणला. थ्रॉटल बॉडी धुतली, रिले बदलला. मेस्त्रींनी हात जोडले आणि म्हणाले, ‘भाऊ, हा माझा प्रांत नव्हे.’

बाराव्या दिवशी दापोलीतल्या एका तरुण वायरमनने गाडी पाहिली. त्याने सेन्सरकडे पाहिलेही नाही. इसीएमचा कप्लर (वायरी जोडणारा प्लग) काढला, त्या टोकाकडून सेन्सरच्या दोन वायरींवर मीटर लावला आणि म्हणाला, ‘काका, वायर जिथे संपते तिथे मोजायचं, जिथे सुरू होते तिथे नाही.’ हा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम दाखवतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. इंजिन गरम असूनही मीटर दोन हजारांवर होता. त्याने सेन्सरवर बसणारा कप्लर दोन भागांत उकलला. आतल्या पितळी पिनेवर हिरवा गंज मुरांब्यासारखा साचला होता. इंजिन थंड असताना अडीच हजारांत गंजाने पडलेली ओहमची भर फारशी जाणवत नसे, पण गरम झाल्यावर तीनशेच्या जागी दोन हजार दिसले की इसीएमला इंजिन अजून थंडच आहे असे वाटे आणि तो पेट्रोल ओतत राही. मी सेन्सर दोनदा बदलला होता, कप्लर मात्र दोन्ही वेळा तोच जुना परत टोचला होता. त्याने पिना बदलल्या, मग आम्ही दोघांनी मिळून बाकीचे सगळे कप्लर उघडले; आणखी तीन हिरवे निघाले. ग्रीस भरून सगळे बंद केले, इंजिनापासून चासीपर्यंत अर्थिंगची नवी जाड पट्टी टाकली.

त्यानंतर तो दोष परत आलेला नाही, आणि माझ्या मनातला तराजू इथेच झुकतो. बारा दिवस डोके पिकवले ते खरे, पण एकदाच. धोपाव्याच्या उतारावर या इंजिनाने मला अद्याप एकदाही थांबवलेले नाही. नाक कितीही वर असो, पेट्रोल दाबाने येते आणि त्याला पातळीशी घेणेदेणे नाही. मायलेज मी मोजलेले नाही. टाकीच बदलल्यामुळे काट्यावर विसंबणेही बरोबर नाही, पण महिन्याचे पेट्रोलचे बिल उतरले आहे, एवढे म्हणता येईल.

तरीही सरसकट एमपीएफआयच घ्या, असे मी सुचवणार नाही. ज्यांची गाडी सड्यावरच्या सपाट रस्त्यांवर रोज चालते, ज्यांना फेरी ओलांडायची नाही, आणि ज्यांच्या गावात कार्बोरेटर उलगडणारा जुना मेस्त्री अजून बसतो, त्यांना पहिला पर्याय स्वस्तात आणि समाधानाने निभावून नेईल. रात्री आडरानात टाकीतला पंप गेला तर एमपीएफआयची गाडी तिथेच उभी राहते, हेही विसरू नये. मी पंपाचा एक रिले आणि दोन फ्यूज गाडीत ठेवतो, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

एमपीएफआय घ्यायचे ठरवलेच, तर इंजिनाच्या आवाजावर भाळण्यापूर्वी हार्नेस मागावे. ते इसीएमपासून शेवटच्या कप्लरपर्यंत अखंड असावे, त्यासोबत त्याच गाडीचा इसीएम आणि पंपासकट टाकी मिळावी. मग कोणतेही तीन कप्लर उघडून आत पाहावे, विशेषतः इंजिन किनाऱ्याजवळच्या गाडीतून निघालेले असेल तर. हिरवे दिसले तर सौदा मोडण्याचे कारण नाही, पिना मिळतात. पण त्या पिना, आणि त्या बसवणारा वायरमन, यांची रक्कम किमतीतून वजा करून मगच भाव बोलावा.