आई-बाबांचा टॅबलेट: डॉक्टरांच्या कॉलसाठी घेतला, चित्रकलेच्या वर्गामुळे टिकला

मोठ्या पडद्याचा टॅबलेट, एक स्टँड आणि व्हिडिओ कॉलचं ॲप. आई-बाबांच्या बऱ्याचशा फेरतपासण्या गेले काही महिने यावरच होतात. घ्यावा का, असं कोणी विचारलं तर मी 'हो' म्हणते. पण फक्त डॉक्टरांसाठी घेणार असाल तर तो कपाटात जाईल.

डॉक्टरांची वेळ येते दोन-तीन महिन्यांनी. तोवर माइकचं बटण कुठलं, कॅमेरा कसा बदलायचा, सगळं विसरलेलं असतं. त्यात त्या दिवशी मनात धाकधूक. आईने जलरंगांच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं आणि हा प्रश्न आपोआप सुटला. तिथे दर आठवड्याला माइक लावून बोलावं लागतं, मागचा कॅमेरा सुरू करून चित्र दाखवावं लागतं. पुढच्या कॉलला डॉक्टरांनी पायावरची सूज दाखवायला सांगितली, तर तिने मला हाकही न मारता कॅमेरा बदलून पाऊल दाखवलं. बाबांना असल्या वर्गांचा कंटाळा. त्यांच्या कॉलला अजूनही मला शेजारी बसावं लागतं.

बसायचं ते मात्र चौकटीबाहेर. मी दिसले की डॉक्टर मलाच विचारतात आणि बाबा गप्प होतात.

सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करणं सगळ्यांनाच सुचतं. आमचा खरा त्रास स्पर्शाचा होता. वयाने बोटं कोरडी पडतात, पडदा दाद देत नाही, मग आई बोट दाबून धरते आणि भलताच मेनू उघडतो. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये स्पर्श करून धरण्याचा अवधी वाढवता येतो, तो वाढवला. साधा रबरी टोकाचा स्टायलस, म्हणजे बोटाऐवजी पडद्यावर टेकवायचं पेन, तोही उपयोगी पडला. कॉल चालू असताना ॲपमधून चुकून बाहेर पडू नये म्हणून अँड्रॉइडवर ॲप पिन करता येतं; आयपॅडवर त्यासाठी गाइडेड ॲक्सेस आहे.

बाबांची तक्रार वेगळी: "आवाज येतोय, शब्द कळत नाहीत." उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात आणि नुसता आवाज वाढवून भागत नाही. हेडफोनने बराच फरक पडला. पडद्यावर आपोआप उमटणारा मजकूरही मदत करतो, फक्त औषधांच्या नावांची तो पार वाट लावतो. म्हणून डोस नेहमी लेखी मागून घ्यायचा.

रक्तदाब कॉलआधीच मोजून ठेवतो: पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, पट्टा हृदयाच्या पातळीवर. घरचं 135/85 हे साधारण दवाखान्यातल्या 140/90 च्या बरोबरीचं धरतात, हे कळल्यापासून दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत म्हणून बाबा यंत्राला दोष देत नाहीत.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड अचानक वाकडं होणं, अशा वेळी टॅबलेटकडे बघायचंसुद्धा नाही, थेट रुग्णालय गाठायचं. पोट दाबून बघायचं असेल तरी प्रत्यक्षच जावं लागतं.

वैताग एकच, आणि तो मोठा आहे. आमचं ॲप दर वेळी नव्याने लॉगिन मागतं आणि ओटीपी जातो दुसऱ्या खोलीतल्या फोनवर. तुम्ही ॲप निवडताना नुसत्या लिंकवरून कॉल उघडतो का आणि घरातलं तिसरं माणूस दुसरीकडून त्यात येऊ शकतं का, एवढं आधी तपासा. माझा भाऊ तसाच येतो, प्रश्नांची यादी घेऊन.