गुंडाळायची सोलर पट्टी : 8 महिने वापरून सांगतो

मागच्या दिवाळीत घेतली, आता जून लागला, म्हणून लिहून राहिलो. वजन काहीच नाही, वावरात मचाणावर पसरवली की हिवाळ्यात दुपारपर्यंत फोन फुल्ल, संध्याकाळी सुरळी करून थैलीत. लय आवडली.

यात सिलिकॉन नाही, सेमीकंडक्टर पॉलिमर (थोडीफार वीज वाहू देणारं प्लॅस्टिक) शाईसारखं छापलेलं आहे. वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकच्या शोधाला 2000 चं केमिस्ट्रीचं नोबेल भेटलं, हीगर, मॅकडायर्मिड अन् शिराकावा यायले. पण खरी मजा आतल्या रचनेत आहे बाप्पा. कडब्याच्या पेंढ्या गंजीत नीट रचल्या तशा पॉलिमरच्या साखळ्या एकावर एक बसल्या तर चार्ज पळतो, गुंता झाला की अडकतो. पी-थ्री-एचटी नावाच्या पॉलिमरात फक्त थरांची दिशा बदलली तर चार्जच्या वेगात 100 पटीहून जास्त फरक पडला, हे 1999 मधेच मोजून झालं, माल तोच बरं का! अन् उन्हानं तयार झालेली धन-ऋण चार्जची जोडी जेमतेम 10 नॅनोमीटर (मिलिमीटरचा लाखावा भाग) चालते, अन् पॉलिमर जिथं दुसऱ्या पदार्थाला भिडते तिथंच ती फुटून वीज भेटते, म्हणून या दोन पदार्थांची मिसळण तितकीच बारीक लागते.

इथंच माह्या पट्टीची तक्रार आहे. मे महिन्यात तापल्या टिनावर राहिली, कडेला बोटभर फिकट पट्टा उमटला अन् आता फोन भरायला पूर्ण दिवस लागते. उष्णतेनं ती मिसळण जाडीभरडी होते, कडेतून हवा-पाणी शिरलं तरी पॉलिमर खराब होते. डब्यावर याबद्दल एक ओळ नाही, कंपनीनं लिहायले पाहिजे होतं.

हिवाळ्यासाठी 4 स्टार, उन्हाळ्यासाठी 2. घ्याल तर टिनावर ठेवू नका, खालून हवा लागू द्या.