वहीतला शेरा की बाकाशेजारी बसणं?

चौथीच्या वहीत 52 − 27 = 35 दिसलं की लाल पेनाने फुली मारायला दोन सेकंद लागतात. खाली ‘लक्ष देऊन सोडव’ लिहिलं की वही परत. पण ते पोर लक्ष देऊनच सोडवत होतं! बाकाशेजारी बसून ‘कसं केलंस, सांग बघू’ असं विचारलं तेव्हा कळलं, दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले होते. दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवला, सुट्या बारा काड्या त्याने स्वतः मोजल्या. पुढचं गणित मला न विचारता मांडलं.

शेरा टाकाऊ आहे असं नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक धरलाय. रोज प्रत्येकाशेजारी बसणं होत नाही. शिवाय शेरा घरीही वाचला जातो. म्हणून मी शब्द बदललेत: ‘दशक सुटा केलास का?’ एवढंच लिहिते.

आणि बसायचं कुणाजवळ, हे फुल्या मोजून ठरवत नाही. वही दप्तरात लपवणाऱ्याकडे आधी जाते.