जुन्या कापड गिरणीतले घर : लॉवेलमधील वास्तव्याचे परीक्षण

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून जवळ, मेरिमॅक नदीच्या काठी लॉवेल नावाचे गाव आहे. एकेकाळी ते कापड गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. आता त्याच गिरण्यांच्या इमारतींत भाड्याने घरे मिळतात आणि अशाच एका इमारतीत आम्ही राहतो. नोकरीनिमित्त या भागात येणारी मराठी कुटुंबे या घरांबद्दल वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. उजेड आणि मोकळेपणा यांची ज्यांना मनापासून ओढ आहे, त्यांनी असे घर अवश्य घ्यावे. शांत झोप आणि बंद दारांचा एकांत ज्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्यांनी घेण्यापूर्वी नीट विचार करावा.

या घराचे खरे वैभव म्हणजे त्याच्या खिडक्या. विजेचे दिवे नव्हते त्या काळात साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, तुटलेला धागा नीट दिसायचा तो दिवसाच्या उजेडातच, त्यामुळे खिडक्या उंच आणि एकमेकींना लागून ठेवाव्या लागत. शिवाय मधल्या साच्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून इमारतही लांबलचक पण अरुंद बांधली जाई. पुढे वीज आली आणि अनेक गिरण्यांनी आपल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. इमारतींचे रूपांतर करताना त्या पुन्हा उघडल्या गेल्या. ऐतिहासिक इमारतीचे मूळ रूप राखून नूतनीकरण केले, तर होणाऱ्या खर्चाच्या 20 टक्के इतकी सवलत अमेरिकेच्या संघीय करात मिळते. त्यामुळे नव्या दुहेरी काचा बसवतानाही चौकटींची जुनी विभागणी जपली जाते. आमच्या भिंती इतक्या जाड आहेत की खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर मांडी घालून वाचत बसता येते. दक्षिणेकडच्या त्याच कट्ट्यावर आमची तुळस इथल्या बर्फाळ हिवाळ्यातही तग धरून आहे, आणि या घराच्या बाजूने मला याहून मोठा पुरावा देता येणार नाही.

दुसरी जमेची बाजू लाकडाची. कापसाचे तंतू आणि यंत्रांचे तेल एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नसे, म्हणून न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातील, गिरण्यांनी बांधकामाची एक खास पद्धत विकसित केली. तिच्यात अनेक बारीक वाशांऐवजी मोजक्याच पण भक्कम तुळया असत, त्यांवर जाड फळ्यांची तक्तपोशी असे आणि आग लपून पसरेल अशा पोकळ्या शक्य तितक्या टाळल्या जात. जाड तुळई पेटली तरी बाहेरून तिचा कोळसा होतो आणि आतले लाकूड बराच वेळ भार पेलत राहते. जिनेही बहुधा मुख्य इमारतीला लागून असलेल्या मनोऱ्यांत काढलेले असत. त्या तुळया आमच्या डोक्यावर आजही उघड्या आहेत. जमिनीच्या जुन्या फळ्या राखल्या आहेत आणि त्यांत ठरावीक अंतरावर लाकडी गुडद्या ठोकून बुजवलेली भोके दिसतात. यंत्रे जिथे बोल्टने जखडलेली होती, त्या या जागा. त्यांच्याभोवती तेल मुरून काळे पडलेले डाग कितीही पॉलिश केले तरी जात नाहीत. ते घालवण्याचा आग्रह घरमालकाने धरला नाही, याबद्दल मला त्याचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत त्रासदायक उणीव आवाजाची. वरच्या घरात कोणी टाचा आपटत चालले की खाली प्रत्येक पाऊल मोजता येते, कारण तुळया उघड्या ठेवायच्या तर आवाज अडवणारे छत खालून लावता येत नाही. दुसरी उणीव निजण्याच्या खोलीची. मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना घरे काढल्यामुळे खिडक्या एकाच बाजूला येतात, आणि आतली खोली छतापर्यंत न गेलेल्या भिंतीवरून येईल तेवढ्या उजेडावर भागवते. बाहेरच्या दालनात दिवा लावला की आत झोपलेल्याची झोपमोड होते. स्वयंपाकघर मोकळ्या दालनातच आहे आणि चुलीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता गाळून पुन्हा आतच सोडतो, त्यामुळे हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत गाद्या-उशांत रेंगाळतो. उंच छतामुळे हिवाळ्यात घर तापवण्याचा खर्चही वाढतो. उघड्या विटांमधून झडणारी बारीक धूळ मात्र ओल्या फडक्याने पुसली की भागते.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यामुळे या घराकडे मी केवळ भाडेकरू म्हणून पाहू शकत नाही. जवळच बूट कॉटन मिल्सच्या इमारतीत लॉवेल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचे संग्रहालय आहे. हे उद्यान 1978 मध्ये स्थापन झाले. तिथे साचेखाते चालू स्थितीत ठेवले असून प्रेक्षकांना कानांत घालायला बोळे देतात. थोडेच साचे चालू असतानाही पायाखालची जमीन थरथरते. ज्या खिडक्यांचे मी इतके कौतुक केले त्या कामाच्या वेळी बंद असत, कारण दमट हवेत सूत कमी तुटते. म्हणून खात्यात वाफ सोडली जाई आणि तिथे काम करणाऱ्या मुली तीच तंतूंनी भरलेली हवा श्वासात घेत. या मुलींनी 1834 मध्ये मजुरीतील कपातीविरुद्ध आणि 1836 मध्ये गिरणीच्या वसतिगृहांचे दर वाढवल्याविरुद्ध संप केले, आणि पुढे गिरणी कामगार सारा बॅग्ली यांच्या नेतृत्वाखाली दहा तासांच्या दिवसाची मागणी लावून धरली. तो कापूसही दक्षिणेतील गुलामांच्या श्रमांतून येत असे. यादवी युद्धात तो बंद झाला, लॉवेलच्या अनेक गिरण्या थांबल्या, आणि तिकडे मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. इथे घर घेणाऱ्याने हे संग्रहालय आधी पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

गिरणगावाचे काय झाले हे मराठी वाचकांना सांगण्याची गरज नाही. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होऊन मोकळी जागा आणि परवडणारी घरे मिळायची होती. 2001 च्या बदलाने ती वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. बहुतेक ठिकाणी इमारती पाडून मनोरे उभे राहिले. काही खात्यांत उपाहारगृहे आणि कचेऱ्या आल्या. मुंबईच्या दमट हवेत, उंच छतांच्या आणि आरपार वारा खेळणाऱ्या त्या बहुमजली कताईखात्यांत घरे किती छान झाली असती, हा विचार या घरात राहताना सतत येतो आणि त्याचे वाईट वाटते.

घर पाहायला जाल तेव्हा संध्याकाळी जा; वरचे शेजारी घरी असतात, आवाज कळतो. निजण्याच्या खोलीला स्वतःची खिडकी आहे का ते पाहा, पंखा हवा बाहेर टाकतो का ते विचारा, आणि मागच्या हिवाळ्यातले बिल दाखवायला सांगा. सर्वांत वरच्या मजल्यावरचे घर मिळत असेल, तर थोडे अधिक भाडे देऊनही तेच घ्या.