पहिल्यांदा कोणती भाजावी: कांतुच्ची, अमारेत्ती की बाची दि दामा?

इटलीतल्या सुक्यामेव्याच्या कुकीजची साहित्याची यादी इतकी छोटी असते की सगळ्याच सोप्या वाटतात. तोस्काना प्रांतातली कांतुच्ची म्हणजे मैदा, साखर, अंडी आणि अख्खे बदाम. अमारेत्ती म्हणजे बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. प्येमोंते प्रांतातली बाची दि दामा म्हणजे लोणी, मैदा, साखर, सुक्यामेव्याची पूड आणि दोन अर्धगोल जोडायला चॉकलेट. तिन्हींत मेहनत फारशी नाही, पण तिन्ही बिघडतात त्या वेगवेगळ्या कारणांनी. म्हणून निवड चवीवरून करण्याआधी आपला ओव्हन, स्वयंपाकघरातलं तापमान आणि घरात अंडं चालतं का, हे बघावं.

निकाल आधीच सांगून टाकतो. ओव्हनचा अंदाज अजून आलेला नसेल तर कांतुच्ची. मैदा नको असेल तर अमारेत्ती. अंडं चालत नसेल तर बाची दि दामा, कारण तिच्यात मुळातच अंडं नसतं, 'एगलेस' म्हणून काही बदलावं लागत नाही. मात्र तिघींत हीच सगळ्यात नखरेल आहे, हे धरून चाला.

खालची सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये, वर-खाली दोन्ही रॉड चालू आणि पंखा बंद असताना. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह किंवा पंखा बंद न होणारा ओव्हन असेल तर 20 अंश कमी ठेवा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत 15-20 अंशांचा फरक सहज असतो, तेव्हा आत ठेवायचा छोटा थर्मामीटर बदामांच्या आधी विकत घ्या.

कांतुच्ची: चुका पचवणारी

ही प्रातो शहराची खासियत. तिथल्या अंतोनियो मात्तेईच्या 1858 सालच्या दुकानाने तिचं नाव सर्वदूर नेलं. जुन्या पद्धतीत लोणी-तेल नसतं, त्यामुळे कुकी कडक होते आणि खूप टिकते. तोस्कानात ती विन सांतो या गोड वाइनमध्ये बुडवून खातात. चहा-कॉफीतही ती चांगली लागते.

प्रमाण: मैदा 250 ग्रॅम, साखर 160 ग्रॅम, सालासकट अख्खे कच्चे बदाम 130 ग्रॅम, अंडी कवचाशिवाय 100 ग्रॅम (साधारण दोन), शिवाय आणखी एक पिवळा बलक, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, एका संत्र्याची किसलेली साल. अंडी आणि साखर नुसती एकत्र होईपर्यंत फेटा, मैदा मिसळा, शेवटी बदाम. गोळा चिकट होतो आणि तो तसाच हवा. इथेच बहुतेक जण घाबरून मूठभर मैदा वाढवतात, आणि मग कुकी कडक न होता दगडी होते. मैदा वाढवण्याऐवजी हात ओले करा आणि बटर पेपरवर 4 सेंमी रुंद, 2 सेंमी उंच असे तीन लांबट रोल थापा. भाजताना ते पसरतात, म्हणून मध्ये चार बोटं जागा सोडा.

180 अंशांवर 22 ते 25 मिनिटं, म्हणजे वरून फिकट सोनेरी आणि दाबल्यावर किंचित लवचीक. बाहेर काढून 8-10 मिनिटं थांबा. हा वेळ महत्त्वाचा. लगेच कापलं तर आतला भाग ओला असल्याने तुकडे चुरतात. पूर्ण गार होऊ दिलं तर बदाम सुरीखाली न कापता उखडून येतात आणि कडेला खड्डा पडतो. पावाच्या दातेरी सुरीने, हलक्या हाताने पुढे-मागे करत, तिरके दीड सेंमीचे काप करा. ते आडवे मांडून 150 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, अर्ध्या वेळेत उलटून. ओव्हनमधून निघताना ते थोडे मऊ वाटतात आणि गार झाल्यावर कडक होतात, त्यामुळे 'अजून पाच मिनिटं' हा मोह टाळा.

एवढ्या साहित्यात 45 च्या आसपास तुकडे होतात. हवाबंद डब्यात तीन आठवडे सहज. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सादळल्या तर 150 अंशांवर 6-8 मिनिटं ठेवा, पुन्हा कडक होतात. बाकी दोघींच्या बाबतीत असा परतीचा रस्ता नाही, आणि नवशिक्याने इथून सुरुवात करावी यामागचं माझं मुख्य कारण तेच आहे.

अमारेत्ती: सगळी परीक्षा बदामाच्या पुडीची

अमारेत्तीचे दोन घाट आहेत. लोंबार्दीतल्या सारोन्नोची कुरकुरीत आणि पोकळ, तर लिगुरियातल्या सास्सेलोची मऊ. घरी मऊच करावी. कुरकुरीत प्रकारात आतपर्यंत कोरडं व्हावं लागतं, आणि दमट हवेत तो कुरकुरीतपणा डबा उघडताच जातो.

प्रमाण: सोललेल्या बदामाची पूड 200 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, अंड्याचा पांढरा भाग 60 ग्रॅम, चिमूटभर मीठ, आमंड इसेन्स तीन-चार थेंब, घोळवायला साधी साखर आणि पिठीसाखर.

पूड घरी करायची तर बदाम एक मिनिट उकळत्या पाण्यात टाकून सोला, मग रात्रभर पंख्याखाली किंवा 100 अंशांच्या ओव्हनमध्ये रंग न बदलता अर्धा तास पूर्ण वाळवा. ओलसर बदाम दळले की पूड न होता लगदा होतो. कोरडे बदामही मिक्सर सलग फिरवला तर गरम होऊन तेल सोडतात, आणि मग कुकी तळाशी तेलकट राहून पसरते. उपाय साधा आहे. बदाम अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, साखरेतली 50 ग्रॅम त्यांच्याबरोबर घाला आणि पाच-पाच सेकंदांच्या झटक्यांनी दळा. बारीक रव्याइतपत झालं की थांबा, कारण त्याहून मुलायम करायच्या नादातच तेल सुटतं.

पांढरा भाग काट्याने फेसाळेपर्यंतच हलवा. मेरिंगसारखा कडक फेटला तर कुकी फुगते आणि बाहेर आल्यावर बसते. सगळं मिसळून तासभर फ्रीजमध्ये, मग 20 ग्रॅमचे गोळे, आधी साध्या साखरेत आणि मग पिठीसाखरेत जाड घोळवून. आतला ओलावा पिठीसाखर विरघळवून टाकतो, साध्या साखरेचा थर तिला वाचवतो. तीन बोटांनी हलकेच चिमटून 160 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. वरचा थर आधी वाळतो, आतलं मिश्रण नंतर फुगतं आणि पांढऱ्या कवचाला भेगा पडतात. भेगा पडल्या, कडा किंचित रंगल्या की काढा. मध्यभाग दाबल्यावर मऊ लागायलाच हवा. तळ लवकर करपत असेल तर खाली दुसरा रिकामा ट्रे ठेवा.

साखर कमी करू नका. 150 ग्रॅमची 90 केली की ओलावा धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि कुकी मऊ न राहता भुगा होते.

एक इशारा. अमारेत्तीचा तो ओळखीचा वास मुळात कडू बदामांचा किंवा जर्दाळूच्या बियांचा. कडू बियांमध्ये अमिग्डालिन असतं, त्यातून वासाबरोबर सायनाइडही तयार होतं. आपल्याकडे जर्दाळू फोडून आतली गोड बी खायची सवय आहे, ती गोष्ट वेगळी. कडू लागणारी बी मूठभर दळून घरच्या कुकीत घालू नये, इसेन्स पुरेसा आहे.

टिकाऊपणा पाच-सहा दिवस. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली.

बाची दि दामा: उन्हाळ्यात विचार करून

तोर्तोना गावची. जुनं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: मैदा, साखर, लोणी, सुक्यामेव्याची पूड, चारही सारख्या वजनाचे. प्येमोंतेत हेझलनट मुबलक, म्हणून तिकडे बऱ्याच ठिकाणी ते वापरतात, पण खुद्द तोर्तोनात बदामही चालतो. तेव्हा महागडे आयात हेझलनट मिळाले नाहीत म्हणून अडून बसू नका.

पोत आपल्या नानकटाईच्या जवळ जातो, आणि अडचणही तीच: लोणी वितळलं की गोळा पसरतो. फरक इतकाच की इथे अर्धगोल उंचच राहायला हवा, नाहीतर दोन चपट्या चकत्या चॉकलेटने जोडून काही साधत नाही. 30 अंशांच्या स्वयंपाकघरात हे मळलेलं पीठ काही मिनिटांतच ढिलं पडतं. म्हणून इथल्या हवेला प्रमाण थोडं बदलावं: मैदा 100, भाजून गार केलेल्या बदामांची पूड 100, पिठीसाखर 80, बिनमिठाचं थंड लोणी 90 ग्रॅम. बोटांच्या टोकांनी चोळून गोळा करा, दोन तास फ्रीजमध्ये. 8-8 ग्रॅमच्या गोळ्या वळा, तळहातात फार वेळ न फिरवता, ट्रेवर मांडून 20 मिनिटं फ्रीझरमध्ये, आणि तिथून थेट 160 अंशांच्या तापलेल्या ओव्हनमध्ये 15 ते 17 मिनिटं.

सगळा ट्रे भरण्याआधी दोनच गोळ्या भाजून बघा. पसरल्या तर उरलेल्या पिठात 10 ग्रॅम मैदा मिसळा. भाजल्यावर ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना उचलल्या की बोटात भुगा. 60 ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून, ते चमच्यावरून जाड थेंबासारखं पडेल इतकं गार करून मग जोडा. पातळ असताना लावलं तर वरचा अर्धा घसरतो. वीस-बावीस जोड्या होतात, आठवडाभर टिकतात, मात्र एप्रिल-मेमध्ये डबा फ्रीजमध्येच ठेवावा लागतो. भेट द्यायला हिच्याइतकी देखणी दुसरी नाही, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात प्रवासाला नेणार असाल तर कांतुच्ची न्या.

सिएनाची रिच्यारेल्ली (2010 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन असलेली) ही अमारेत्तीच्याच कुळातली. अमारेत्ती जमली की पुढचा मुक्काम तो.

पुस्तक कोणतं घ्यावं

पुस्तकांतही तीन जाती दिसतात. जुनी इटालियन पुस्तकं, कपांच्या मापातली अमेरिकन पुस्तकं आणि ग्रॅममध्ये लिहिणारी अलीकडची.

जुन्यांमध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझी यांचं 1891 मध्ये फिरेंझेत (फ्लॉरेन्समध्ये) स्वखर्चाने छापलेलं पुस्तक अग्रणी. पहिल्या आवृत्तीत 475 पाककृती होत्या, शेवटच्यापर्यंत 790 झाल्या. अमारेत्ती त्यात आहे, इंग्रजी भाषांतरही मिळतं. वजनं ग्रॅममध्ये आहेत ही मोठी सोय, पण ओव्हनच्या जागी नुसती मध्यम आच, आणि मिश्रण कितपत सैल हवं ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं गृहीत धरलेलं. हात बसल्यावर वाचायला ते उत्तम. पहिल्या कुकीसाठी नको.

अमेरिकन पुस्तकांत समजावणं बऱ्याचदा चांगलं असतं, घोळ मापात होतो. एक कप मैदा चमच्याने हलकेच भरला तर 120 ग्रॅम, कप डब्यात खुपसून भरला तर 150 पर्यंत जातो. दोन कपांत 60 ग्रॅमचा फरक पडला की कांतुच्चीची दगडं होतात. तिथलं 'लार्ज' अंडं कवचाशिवाय सुमारे 50 ग्रॅम, आपल्याकडचं बरेचदा त्याहून लहान. कपांचं पुस्तक घरात असेलच तर फेकू नका. अंडी तोलून घ्या, मैद्याला कपामागे 125 ग्रॅम धरा आणि समासात आपले आकडे लिहीत जा.

नवं विकत घेणार असाल तर ग्रॅमचंच. पण नुसते ग्रॅम छापले म्हणजे पुस्तक चांगलं असं नाही. दुकानात उभ्या उभ्या अमारेत्तीचं पान उघडा. पांढरा भाग वजनात दिलाय की नुसतं 'दोन अंडी'? बदाम सोललेले की सालासकट? पंख्याचा ओव्हन की साधा? आणि तयार मिश्रण कसं दिसावं याबद्दल एक तरी वाक्य आहे का? चारपैकी तीन उत्तरं नसतील तर फोटो कितीही देखणे असोत, पुस्तक परत ठेवा.

इटालियन पाककृती थेट वाचत असाल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. 'एक बुस्तीना' बेकिंग पावडर म्हणजे 16 ग्रॅमची पुडी, साधारण अर्धा किलो मैद्याची. आणि 'स्तातिको' म्हणजे पंख्याविना, 'व्हेंतिलातो' म्हणजे पंख्यासह. तिथला 'दोप्प्यो झेरो' (00, म्हणजे अगदी बारीक दळलेला) मैदा मिळाला नाही तर आपला साधा मैदा या कुकीजना चालतो, त्यासाठी आयात पाकीट घेऊ नका.

अमारेत्ती आणि कांतुच्ची एकाच दिवशी केल्या तर अंडी वाया जात नाहीत. अमारेत्तीच्या 60 ग्रॅम पांढऱ्या भागासाठी दोन अंडी फोडावी लागतात. उरलेल्या दोन बलकांपैकी एक कांतुच्चीच्या पिठात जातो, दुसरा चमचाभर दुधात फेटून रोलवर ब्रशने लावा. आधी 160 अंशांवर अमारेत्ती, मग तापमान वाढवून कांतुच्चीचे रोल, आणि ओव्हन 150 वर उतरला की काप.