लहान मुलाला हरणाच्या शिकारीला न्यायचं तर: नुसतं सोबत, रायफल की क्रॉसबो?

विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन या पट्ट्यातल्या मराठी घरांत हा विषय बहुधा मुलंच आणतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो आणि वर्गमित्र आपल्या बाबांबरोबर रानात जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे इथे आलेले आई-बाबाही या कामात मुलाइतकेच नवखे असतात. म्हणून मुलासाठी काय घ्यायचं हे ठरवण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स तुम्ही करा आणि किमान एक सीझन जाणत्या शेजाऱ्याबरोबर काढा. विस्कॉन्सिनमध्ये मुलासोबत जाणारा मोठा माणूस, म्हणजे मार्गदर्शक, १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तर त्याला या कोर्सचं प्रमाणपत्र लागतंच.

वयाचे नियम राज्यागणिक बदलतात. विस्कॉन्सिनमध्ये मार्गदर्शकासोबतच्या शिकारीला पूर्वी किमान १० वर्षांची अट होती, ती २०१७ मध्ये काढली. आता वय कितीही चालतं, पण मोठा माणूस मुलापासून हात पोचेल एवढ्या अंतरावर हवा. मिनेसोटात हरणासाठी किमान वय १० आहे. मिशिगनमध्ये १० वर्षांखालच्यांना वेगळा मेंटर्ड परवाना मिळतो आणि मार्गदर्शक २१ पूर्ण लागतो. न्यूयॉर्कमध्ये बंदुकीसाठी १४, मात्र ज्या काउंटींनी मान्यता दिली तिथे २०२१ पासून १२-१३ ची मुलंही जाऊ शकतात.

पहिला निर्णय हत्याराचा नाही. मुलाच्या हातात काही द्यायचं की पहिल्या वर्षी नुसतं शेजारी बसवायचं, हे आधी ठरवा.

नुसतं सोबत की स्वतः नेम

दहाच्या आतल्या मुलासाठी आमचं मत स्पष्ट आहे: पहिला सीझन मोकळ्या हातांनी. मुलाचं काम दुर्बिणीतून पाहणं, वारा कुठून येतोय ते सांगणं, दिसलेली हरणं वहीत टिपणं. त्याच्यावर नेमाचं ओझं नसतं. तुमच्या दृष्टीने खरा फायदा असा की हरीण पडताना, त्याचं पोट उघडताना मूल कसं वागतं हे तुम्हाला कळतं. काही मुलं रडतात, काही आतड्यांची नावं विचारतात. दोन्ही ठीक आहे. ज्याला पाहवत नाही त्याला ट्रिगरपर्यंत नेऊन मग हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

उणीव एकच. आठ-नऊ वर्षांच्या काही मुलांना नुसतं बसणं फार लवकर कंटाळवाणं होतं आणि पुढच्या वर्षी ती यायलाच तयार नसतात. अशांना मधला रस्ता म्हणजे खारीची शिकार: चालत फिरायचं, बोललं तरी चालतं, .२२ ची बंदूक, धक्का जवळजवळ नाही. बंदुकीची नळी कुठे रोखलेली आहे याची सवय तिथे लागते, कारण दिवसभरात ती दहा वेळा तपासावी लागते.

स्वतः नेम धरण्याची तयारी ओळखायच्या आमच्या कसोट्या साध्या आहेत. मूल पाऊण तास कुजबुजत बसू शकतं का? ‘थांब’ म्हटल्यावर त्याच क्षणी थांबतं का? न सांगता नळी सुरक्षित दिशेला ठेवतं आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवतं का? आणि हरीण समोर असताना ‘नको’ म्हणायची त्याला मोकळीक वाटते का? शेवटचं पालक विसरतात. बाबांना वाईट वाटेल म्हणून झाडलेली गोळी हमखास चुकीच्या जागी लागते.

ब्लाइंड की शिडीचं मचाण

इथे फार घोळ घालायचं कारण नाही. लहान मुलासाठी जमिनीवरचा कापडी पॉप-अप ब्लाइंड, म्हणजे आत लपून बसायचा खिडक्यांचा तंबू, घ्या. मचाणावरून वास वर राहतो, नजर लांब जाते हे खरं, पण शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींत मचाणावरून पडणं फार वरच्या क्रमांकावर आहे. मुलाच्या मापाचा पूर्ण अंगाचा हार्नेस, चढताना जमिनीपासूनच अडकवायची लाइफलाइन आणि दोन माणसांच्या वजनाची शिडी असेल तरच तो विचार करा. मोठ्याचा हार्नेस आवळून मुलाला घालणं हे हार्नेस नसल्यासारखंच आहे.

ब्लाइंडच्याही खोडी आहेत. तो एक-दोन आठवडे आधी लावून ठेवला नाही, तर हरणं त्याला बिचकतात. चारही दोऱ्या ताणून बांधा आणि कडेला फांद्या खोचा. मागच्या खिडक्या बंद ठेवा, नाहीतर उजेडात आतली हालचाल दिसते. आत काळे किंवा गडद कपडे घाला आणि नारिंगी जॅकेटचा नियम आतही पाळा. विस्कॉन्सिनमध्ये गन सीझनला कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी लागतो.

सर्वांत महत्त्वाची अडचण नव्यांना माहीत नसते. रायफलवर बसवलेली नेमाची दुर्बीण (स्कोप) नळीच्या दीड इंच वर असते. मुलाला दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसतं, पण नळीचं तोंड खिडकीच्या काठाखाली असतं आणि गोळी कापडातून किंवा सळईवरून जाते. ‘सेफ्टी काढ’ म्हणण्याआधी तुम्ही खाली वाकून नळीचं तोंड काठाच्या वर आणि बाहेर आहे हे डोळ्यांनी पाहायचं. नळी बाहेर असली की आवाजही थोडा कमी बसतो.

खुर्ची अशी घ्या की मुलाचे तळवे जमिनीला टेकतील. आवाज नको म्हणून खाऊ प्लास्टिकच्या पुडीतून काढून आधीच कापडी पिशवीत भरा. लाडू चालतात, चिवडा नाही. जाकिटं गॅरेजमध्ये टांगा. फोडणीचा वास आपल्याला जाणवत नाही, हरणाला जाणवतो. गॅसचा छोटा हीटर लावणार असाल तर खिडकीची फट उघडी राहू द्या, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रायफल की क्रॉसबो

क्रॉसबो म्हणजे ट्रिगरने बाण सोडणारं आडवं धनुष्य. ती घेणाऱ्यांचं म्हणणं असं: धक्का नाही, आवाज नाही, विस्कॉन्सिनचा सीझन सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो, म्हणजे मुलाला थंडीत कुडकुडावं लागत नाही. सगळं खरं आहे. तिची तार ओढून चढवायचं काम मोठ्याने करायचं असल्याने मुलाच्या ताकदीचा प्रश्नही येत नाही.

आपल्या लोकांपुरता आणखी एक मुद्दा आहे. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक जवळ बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हातात असणं हा त्याला असलेला एक अपवाद आहे. परवाना संपला की तो आधारही जातो. शेजाऱ्याची बंदूक रेंजवर ‘जरा धरून पाहणं’ हेसुद्धा यात येतं, म्हणून आधी परवाना, मग बंदुकीला हात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, आणि क्रॉसबो त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही.

तरीही पहिल्या हरणासाठी आम्ही रायफलच सुचवू. क्रॉसबोला हरीण २०-३० यार्डांत यावं लागतं. एवढ्या जवळ आलेलं हरीण मुलाची चुळबुळ, नाक ओढणं, बुटाचा घासलेला आवाज सगळं टिपतं. तारेचा आवाज ऐकून ते बाण पोचायच्या आत खाली दबतं आणि छातीचा नेम पाठीत जातो. बाणाने हरीण रक्तस्रावाने मरतं, म्हणून बरोबर लागलेल्या बाणानंतरही अर्धा तास थांबावं लागतं. पोटात लागला तर सहा तास किंवा जास्त. तो वेळ मुलासाठी कठीण असतो. रायफलची गोळी छातीत बसली तर हरीण बहुतेकदा दिसण्याच्या टप्प्यात पडतं.

यंत्राच्याही गोष्टी आहेत. क्रॉसबो पुढे जड असते, तिपाईशिवाय मुलाला पेलत नाही. झाडताना तिचे बाजूचे पंख पुढे उसळतात आणि ब्लाइंडच्या कापडाला किंवा तुमच्या कोपराला लागतात. मुलाचा पुढच्या हाताचा अंगठा रेलच्या (तार जिच्यावरून धावते त्या पट्टीच्या) वर आला तर तार तो कापू शकते. अंगठा अडवणारी मूठ असलेलंच मॉडेल घ्या. आणि दिवसअखेरीस ती रायफलसारखी गोळी काढून रिकामी होत नाही. उतरवायची सोय नसेल तर सराव-बाण मऊ जमिनीत किंवा टार्गेटमध्ये सोडूनच रिकामी करावी लागते. बाणाविना कधीच झाडायची नाही, पंख तुटतात. सप्टेंबरच्या रानात हरणांवरच्या गोचिडी असतात, त्यांच्या चाव्याने होणाऱ्या लाइम आजाराचा धोका खरा आहे. कपड्यांना (अंगाला नव्हे) परमेथ्रिन फवारून वाळवा.

रायफलचे दोन खरे तोटे: धक्का आणि आवाज. धक्क्याला घाबरलेलं मूल ट्रिगर दाबताना डोळे मिटतं, आणि ती सवय सुटायला पुढे फार वेळ जातो. म्हणून काडतुसाची निवड नीट करा.

| काडतूस | धक्का (अंदाजे, फूट-पाउंड) | मुलासाठी |
|---|---|---|
| .२४३ विंचेस्टर | ९ | पहिली पसंती |
| .३५० लेजंड | ९ | जिथे सरळ भिंतीचीच (बाटलीसारखी निमुळती मान नसलेली) काडतुसं चालतात त्या भागांत |
| ७ एमएम-०८ रेमिंग्टन | १२-१३ | अंगाने थोराड मुलाला. मोठं झाल्यावरही पुरते |
| .३०८ विंचेस्टर | १६ | कमी धक्क्याचं काडतूस मिळालं तरच |
| .३०-०६ | १८-२० | नको |

हे आकडे साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलचे आहेत. ‘यूथ’ मॉडेल सहा-साडेसहा पाउंडांचं असतं आणि वजन घटलं की धक्का वाढतो, हे दुकानदार सांगत नाही. आजोबांच्या काळातली २० बोअरची स्लग बंदूक ‘छोटी’ दिसते म्हणून मुलाला देऊ नका, तिचा धक्का .२४३ च्या दुपटीहून जास्त असतो.

मापाचं म्हणाल तर मोठ्यांच्या दस्त्याची लांबी साडेतेरा इंचांच्या आसपास असते, मुलाला १२ किंवा त्याहून कमी लागते. दस्ता लांब पडला की मूल मान पुढे ताणतं, डोळा दुर्बिणीच्या फार जवळ जातो आणि धक्क्याने कपाळावर अर्धचंद्राची खूण उमटते. दुर्बीण सर्वांत कमी वाढीवर, म्हणजे ३ वर ठेवा. मुलाला दुर्बिणीत हरीणच सापडत नाही आणि तोवर ते निघून जातं, यामागचं कारण जवळजवळ नेहमी ९ वर ठेवलेली दुर्बीण हे असतं.

सराव .२२ वर करा, पण शिकारीला वापरणार त्याच तिपाईवरून आणि त्याच खुर्चीतून. मोठ्या काडतुसाच्या गोळ्या एका बैठकीत पाच-सहाच. ५० यार्डांवर सहा इंचांच्या कागदी ताटलीत पाचपैकी पाच गोळ्या बसल्या तर ५० यार्ड ही मुलाची हद्द. चारच बसल्या तर आणखी जवळ. हरणाच्या हृदय-फुफ्फुसाची जागा आठ-दहा इंचांची असते, रानातल्या धडधडीसाठी उरलेले इंच ठेवायचे. हरीण पूर्ण आडवं उभं असेल तरच नेम.

कानांसाठी आत फोमचे बोळे आणि वर मुलाच्या मापाचे इलेक्ट्रॉनिक मफ, दोन्ही एकदम. रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो. इलेक्ट्रॉनिक मफमधून तुमची कुजबुज ऐकू येते, म्हणून मूल ते काढत नाही.

यूथ वीकेंड की नेहमीचा सीझन, पहाट की संध्याकाळ

विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन दिवस असतात. रान शांत, हवा बरी आणि मोठ्यांनी बंदूक चालवायची नसल्याने तुमचं लक्ष पूर्ण मुलावर. नोव्हेंबरमध्ये गन सीझन सुरू होतो त्या शनिवारी चहूकडून गोळ्यांचे आवाज येतात, हरणं धावत असतात आणि धावत्या हरणावर मुलाने नेम धरूच नये. यूथ वीकेंडच निवडा.

पहाटेपेक्षा संध्याकाळ. चारला उठवलेलं मूल आठला झोपतं. दुपारी साडेतीनला बसलात की खरी वेळ शेवटच्या पाऊण तासाची. तोटा एवढाच की गोळी लागलेलं हरीण अंधारात शोधावं लागतं. जोरदार टॉर्च आणि रक्त दिसलेल्या जागांवर ठेवायला टिश्यू पेपर सोबत घ्या. मुलाला शोधायला येऊ द्या, ते जमिनीच्या जवळ असतं आणि थेंब त्याला आधी दिसतात.

मांसाबद्दल

शिशाची गोळी फुटते आणि डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात पसरतात. मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी नाही. म्हणून पूर्ण तांब्याची गोळी घ्या; .२४३ मध्ये ८०-८५ ग्रेनच्या मिळतात. त्या शिशाच्या गोळीपेक्षा वेगळ्या जागी लागतात, तेव्हा सराव आणि दुर्बीण जुळवणी त्याच डब्यातल्या काडतुसांवर हवी. क्रॉसबोला हा प्रश्नच नाही, त्याचा तो एक निखळ फायदा.

विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नये असा सीडीसीचा सल्ला आहे. डोक्यातल्या लसिका ग्रंथींचा नमुना राज्याच्या केंद्रावर द्या, मांस वेगळ्या पिशव्यांत नाव-तारीख घालून गोठवा आणि निकाल येईपर्यंत पिशवी उघडू नका. हरणाची ऑनलाइन नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत करावी लागते. ते टाइप करायचं काम मुलाला द्या.