केमेमलीक, केसॅन आणि मंडळी: कर्नलच्या मेमरीसाठी काय लावावं, काय ठेवून द्यावं

केमेमलीक, केसॅन वगैरे म्हणजे लिनक्स कर्नलमधले, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले, मेमरीचे बग शोधणारी हत्यारं. पहिलं सांगते, यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. सगळं लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच आहे. मेनूकॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं ते निवडायचा मेनू) उघडायचं, तळाशी ‘कर्नल हॅकिंग’मध्ये जायचं, तिथे ‘मेमरी डीबगिंग’ नावाच्या पानावर सगळा माल मांडलेला आहे. किंमत मोजायची ती रॅममध्ये आणि वेगात. ज्यांच्याकडे ६४ जीबीचा सर्व्हर आहे त्यांना ही किंमत जाणवतही नाही. मी लिहितेय ते ५१२ एमबी रॅमच्या आर्म६४ बोर्डाबद्दल. त्यावर चिप बनवणाऱ्यांनी दिलेला ५.१५ कर्नल आहे, आणि तो डबा कारखान्याच्या पॅनेलमध्ये बसून वर्षानुवर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग गोळा करणार आहे. भोसरीत आमच्या टेबलावर तो अगदी गुणी बाळ. गिऱ्हाइकाकडे गेला की काही दिवसांनी मेमरी संपते, ओओएम किलर जागा होतो आणि नेमकी आमचीच डेटा गोळा करणारी प्रोसेस मारतो. तिचा दोष नसतो. सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस तीच दिसते, म्हणून बळी तिचा. खरी गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न देणं, कर्नलमध्ये असते आणि कर्नलला कोण मारणार?

तर आधी फुकटातलं फुकट: प्रॉक या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरमधली मेमइन्फो ही फाइल. त्यात ‘एसअनरिक्लेम’ नावाची ओळ आहे, म्हणजे परत मिळवता न येणारी स्लॅबची (कर्नलच्या छोट्या तुकड्यांच्या साठ्याची) मेमरी. ती रोज थोडी थोडी चढत असेल तर संशय पक्का. मग कोणता साठा (कॅश) किती फुगलाय ते दाखवणारं स्लॅबटॉप चालवायचं. आमच्याकडे ‘केमॅलॉक-२५६’ फुगलेला दिसला. पण हे कळून फारसा उपयोग नाही, कारण जेमतेम २५६ बाइटपर्यंतचं काही मागणारे सगळे ड्रायव्हर त्याच एका कॅशमधून घेतात. त्यात स्लबची, म्हणजे हे तुकडे वाटणाऱ्या कर्नलच्या भागाची, एक सवयही आहे. सारख्या आकाराच्या वेगवेगळ्या कॅश तो गुपचूप एकत्र करून टाकतो, त्यामुळे दिसणारं नाव खऱ्या मालकाचं असेलच असं नाही. बूट करताना ‘स्लॅब_नोमर्ज’ द्या, म्हणजे निदान नावं तरी खरी दिसतील.

आता केमेमलीक. हे २००९ साली २.६.३१ कर्नलमध्ये आलं, आर्ममधल्या कॅटालिन मारिनासने लिहिलेलं. याची कल्पना मला अजूनही आवडते. केमॅलॉक, व्हीमॅलॉक वगैरे मेमरी मागायच्या फंक्शन्सनी दिलेला प्रत्येक तुकडा हे एका झाडात नोंदवून ठेवतं. मग दर दहा मिनिटांनी कर्नलचा डेटा सेक्शन, स्टॅक आणि त्यातून पोचता येणारे सगळे तुकडे शब्द-शब्द चाळतं. ज्या तुकड्याचा पत्ता कुणाकडेच सापडत नाही, तो हरवला असं मानायचं. जावासारख्या भाषेतला कचरा उचलणारा जे करतो तेच, फक्त हा उचलत नाही, नुसतं बोट दाखवतो.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. बूट होऊन सगळं स्थिरावलं की केमेमलीकच्या फाइलीत ‘क्लिअर’ लिहायचं, म्हणजे जुने संशयित यादीतून जातात. मग आपली चाचणी चालवायची, ‘स्कॅन’ लिहायचं, थोडं थांबून परत ‘स्कॅन’ लिहायचं आणि मग फाइल वाचायची. पहिल्या स्कॅनवर विश्वास ठेवू नका. त्या क्षणी एखादा पत्ता सीपीयूच्या रजिस्टरमध्ये असेल तर उगाच कुणावर तरी आळ येतो. आमच्याकडे दुसऱ्या स्कॅनला एकाच जागेची रांग लागली: चिपवाल्यांच्या सिरियल ड्रायव्हरमधलं एक फंक्शन. रिक्वेस्टसाठी तुकडा घेतला, हार्डवेअर बिझी आहे असं कळलं की ‘परत प्रयत्न करा’ हा एरर देऊन बाहेर पडलं, आणि केफ्री, म्हणजे तुकडा परत देणं, राहूनच गेलं. टेबलावर एकच मीटर जोडलेला, त्यामुळे हार्डवेअर कधी बिझी होतच नव्हतं. कारखान्यात बत्तीस मीटर.

इथे केमेमलीकची मर्यादा सांगायला हवी. तुकडा कुणी घेतला त्याचा स्टॅक ते देतं. परत द्यायचा कुणी राहिला, ते सांगत नाही, सांगू शकतही नाही. घेतल्यापासून पुढच्या सगळ्या वाटा तुम्हालाच वाचाव्या लागतात. छोट्या ड्रायव्हरमध्ये तासाभराचं काम, वायफायच्या ड्रायव्हरमध्ये आठवडा.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. याला स्वतःच्या नोंदींसाठीही मेमरी लागते. कर्नल सुरू होतानाच्या नोंदींसाठी एक राखीव साठा असतो, त्याचा आकार कॉन्फिगमध्ये ठरतो, मूळ आकडा १६०००. तो कमी पडला की केमेमलीक स्वतःला बंद करून घेतं आणि परत चालू होत नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, एक ओळ येते, बूटच्या शेकडो ओळींमध्ये ती दिसतही नाही. त्यानंतर रिपोर्टची फाइल रिकामी. रिकामी फाइल पाहून ‘लीक नाही’ असा मेल पाठवण्याआधी डीमेसेज ग्रेप करायची (त्यात ती ओळ शोधायची) सवय टीममध्ये सगळ्यांना लावा.

आणि तिसरी: पेज अलोकेटरकडून थेट घेतलेली पानं (मेमरीचे चार केबीचे तुकडे) याच्या हिशेबातच नसतात. आमची दुसरी गळती नेमकी तीच होती. इथरनेटच्या ड्रायव्हरने रिसीव्ह रिंगसाठी (येणारा डेटा उतरवायच्या जागेसाठी) पानं घेतली, आणि केबल काढून परत लावली की रिंग नव्याने भरली, जुनी पानं तशीच. केमेमलीक गप्प, स्लॅबटॉप गप्प. मेमइन्फोतल्या सगळ्या ओळींची बेरीज केली तरी एकूण मेमरीशी हिशेब जुळत नाही. अशी न जुळणारी बेरीज दिसली की पेज ओनर लावायचं.

पेज ओनर म्हणजे प्रत्येक पानामागे ते कुणी घेतलं याचा स्टॅक. कर्नलमध्ये बांधून ठेवा आणि बूटच्या ओळीत ‘पेज_ओनर=ऑन’ दिलं तरच ते कामाला लागतं, नाहीतर जवळजवळ काहीच भार नाही. ही सोय मला फार पटते. वाईट भाग म्हणजे वाचणं. ५१२ एमबीत चार केबीची १,३१,०७२ पानं बसतात, आणि वापरातल्या प्रत्येक पानासाठी दहाबारा ओळी. हे सिरियल कन्सोलवर ‘कॅट’ केलंत तर १,१५,२०० बॉड रेटला जेवून या, तरी चालूच असेल. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ओता आणि सोर्समध्येच दिलेलं ‘पेज_ओनर_सॉर्ट’ आपल्या लॅपटॉपवर चालवा. ते सारखे स्टॅक एकत्र मोजून देतं आणि गुन्हेगार वरच्या चारपाच ओळींत येतो.

गळतीचं एवढं पुरे. गळती निदान हळूहळू मारते. खरी झोप उडवणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीवर लिहिणं. आमच्याकडे ऊप्स (कर्नल अडखळल्याचा रिपोर्ट) येत होता तो ईएक्सटी४च्या कोडमध्ये. ईएक्सटी४मध्ये बग आहे असं म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना मी नेहमी सांगते, जगभर इतक्या मशीनवर चालणाऱ्या फाइल सिस्टिमचा बग आपल्याच डब्यात आधी सापडेल याची शक्यता फार कमी आहे. शेजारी कुणीतरी बांध कोरतोय आणि शेत फाइल सिस्टिमचं गेलंय.

याच्यासाठी दोन पर्याय. एक, स्लबचं स्वतःचं डीबग. स्लॅबची मूळ कल्पना सन कंपनीतल्या जेफ बॉनविकची, १९९४ ची. स्लब ही लिनक्समधली तिची नवी आवृत्ती, क्रिस्टोफ लॅमेटरची, २००७ मध्ये आली. आता तीच एकटी उरली आहे. जुना स्लॅब अलोकेटर २०२४ च्या ६.८ मध्ये काढून टाकला. तेव्हा जुन्या लेखांमधला स्लॅब डीबगचा सल्ला सोडून द्या. बूटच्या ओळीत ‘स्लब_डीबग=एफझेडपीयू,केमॅलॉक-२५६’ असं दिलं की फक्त त्या एका कॅशवर पहारा बसतो. प्रत्येक तुकड्याच्या कडेला लाल पट्टा, मोकळ्या केलेल्या तुकड्यात ६बी हा बाइट भरून ठेवलेला, शेवटचा बाइट ए५. एका कॅशपुरतंच असल्यामुळे डबा मंदावल्याचं जाणवतही नाही.

आम्हाला मिळालेला रिपोर्ट अजून माझ्याकडे आहे: ‘पॉयझन ओव्हररिटन’, आणि पहिला चुकीचा बाइट ६बीच्या जागी ६ए. एकने कमी. ज्याने हे पाहिलंय त्याला लगेच वास येतो. तुकडा परत दिल्यानंतरही कुणीतरी त्यातला मोजणीचा आकडा एकने उतरवतंय. पूर्ण रिपोर्टमध्ये हा एकच बाइट सगळं बोलून गेला. पण कोण उतरवतंय, ते नाही कळलं. स्लबला बिघाड कळतो तो तुकडा पुढच्या वेळी कुणी मागितल्यावर, आणि तोवर करणारा कधीच निघून गेलेला असतो. तुकडा शेवटी कुणी घेतला आणि कुणी सोडला, एवढी दोन नावं मात्र मिळतात. पैसा वसूल, पाचपैकी साडेचार.

दुसरा पर्याय केसॅन. आंद्रेय र्‍याबिनिन यांनी सॅमसंगमध्ये असताना लिहिलं, २०१५ साली ४.० मध्ये आलं. कंपायलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी एक तपासणी घुसवतो, आणि दर आठ बाइटमागे एक बाइट सावलीच्या मेमरीत ठेवतो. हिशेब करा: ५१२ चा आठवा हिस्सा म्हणजे ६४ एमबी सावलीत गेले. मोकळे केलेले तुकडे लगेच परत वापरले जाऊ नयेत म्हणून ते क्वारंटाइनमध्ये ठेवतात, त्याची मर्यादा रॅमचा बत्तिसावा हिस्सा, म्हणजे आणखी १६ एमबी. वेग सरळ निम्म्यावर. इमेज तर अशी फुगते की आमच्या फ्लॅशच्या पार्टिशनमध्ये मावलीच नाही, टीएफटीपीने नेटवर्कवरून बूट करावं लागलं. इनलाइनऐवजी आउटलाइन निवडलं की इमेज आटोक्यात येते, वेग आणखी जातो.

एवढं सोसल्यावर जे मिळतं त्याला तोड नाही. नेमक्या त्या क्षणी, त्या ओळीवर रिपोर्ट. त्यात तीन स्टॅक: आत्ता हात लावणारा कोण, तुकडा घेतला होता कुणी, आणि सोडला कुणी. आमच्या बाबतीत हात लावणारा होता एक टायमर. डिव्हाइस काढताना ड्रायव्हर ‘डेल_टायमर’ म्हणत होता, जो दुसऱ्या कोअरवर आधीच सुरू झालेल्या हँडलरसाठी थांबत नाही. तिथे ‘डेल_टायमर_सिंक’ हवं होतं. पाच अक्षरांचा पॅच. चिपवाल्यांना पाठवला, त्यांनी आभार मानले आणि पुढच्या एसडीकेमध्ये जुनाच कोड परत दिला. असो.

केसॅनला पाचपैकी पाच, पण ते टेबलावरचं हत्यार आहे. गिऱ्हाइकाच्या पॅनेलमध्ये ते पाठवायचं नाही.

पाठवायचं ते केफेन्स. २०२१ च्या ५.१२ मध्ये आलेलं, म्हणजे आमच्या ५.१५ मध्ये आहे. हे सगळ्यांवर नजर ठेवत नाही. साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एखादा तुकडा उचलून वेगळ्या पानावर ठेवतं, बाजूला पहाऱ्याचं पान. २५५ तुकड्यांना मिळून २ एमबी. एका डब्यावर काही सापडेल याची खात्री नाही. शेकडो डबे महिनोन्‌महिने चालू असले की कुणाला ना कुणाला सापडतंच. लॉग परत मागवायची सोय असेल तरच लावा, नाहीतर रिपोर्ट तिथेच पॅनेलमध्ये पडून राहील.

एक जोड मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून लिहिते: फेलस्लॅब आणि केमेमलीक एकत्र. फेलस्लॅब मुद्दाम काही मागण्या नाकारतं, त्यामुळे कधीही न चाललेल्या एररच्या वाटा चालायला लागतात, आणि गळत्या बहुतेक तिथेच असतात. वरची सिरियलची गळती हार्डवेअर बिझी असल्यामुळे होती, तशी ती याने सापडली नसती हे खरं. पण त्याच ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये) आणखी दोन निघाल्या.

आणि ज्याच्यासाठी मी मॅनेजरच्या मागे लागलेय ते म्हणजे ६.१० मधलं अलोकेशन प्रोफाइलिंग. प्रॉकमध्ये अलॉकइन्फो नावाची फाइल येते: किती बाइट, किती तुकडे, कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवरून. स्लॅबही आणि थेट घेतलेली पानंही, एकाच यादीत. सॉर्ट केलं की संपलं. केमेमलीकला कधीच न दिसणारी गळतीसुद्धा इथे दिसते, म्हणजे यादीत तुकडे वाढतच चाललेत, प्रत्येकाचा पत्ता कुणाकडे तरी आहे, पण काढत कुणीच नाही. भार दर पानामागे आणि दर स्लॅब तुकड्यामागे आठ बाइट, म्हणजे फील्डमध्येही चालू ठेवता येईल. अडचण एकच: लाँग टर्म कर्नलमध्ये हे पहिल्यांदा आलं ते ६.१२ मध्ये, आणि चिपवाले अजून ५.१५ वर बसलेत. मागे नेऊन पॅच करायचा विचार केला होता. अलोकेटरच्या मुळाशी हात घालणारी एवढी मोठी मालिका आपल्या आपण मागे आणायला धजावले नाही.

केएमसॅनला गुण देत नाही. न भरलेली मेमरी वाचली तर ते पकडतं, ६.१ पासून आहे, क्लँगच लागतो, आणि आर्म६४वर चालत नाही.